एकवीस अंकांचा ताळा

१८७६ ते १९०३ या सत्तावीस वर्षांत एका संख्येची स्थिती मोठी विलक्षण होती. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही ती संख्या. दोनाचा सदुसष्टावा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ती मिळते. ही मूळ संख्या नाही, म्हणजे एकाहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणून ती मांडता येते, हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये सांगितले. त्या दोन संख्या कोणत्या, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. जगात कुणालाच ठाऊक नव्हते. शाळेत आपण नेमके उलट शिकतो. ९१ला ७ने भाग जातो, म्हणून ९१ संयुक्त. आधी अवयव पाडायचे आणि मग निर्णय द्यायचा. इथे निर्णय आधी आला आणि अवयव एका पिढीनंतर आले. मधल्या काळातले हे ज्ञान कच्चे होते, १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव काढले तेव्हा कुठे ते पक्के झाले, असे समजण्याचा मोह होतो. माझे म्हणणे याच्या विरुद्ध आहे. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे ही दोन स्वतंत्र ज्ञाने आहेत. पहिले दुसऱ्याशिवाय पूर्णपणे उभे राहू शकते, आणि या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते मोठ्या संख्यांविषयी आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींपैकी एक आहे.

आधी संख्येचा स्वभाव पाहू. दशमान पद्धतीत तिचे एकवीस अंक अगदी अस्ताव्यस्त दिसतात, पण द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिले, तर ती म्हणजे ओळीने मांडलेले सदुसष्ट एक. नुसत्या एक-एकांनी बनलेल्या संख्यांची मराठी वाचकाला ओळख आहे ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांमुळे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या गणितवेड्या शिक्षकाने १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१ अशा वर्गांच्या कुळाला 'डेमलो संख्या' म्हटले, कारण ती कल्पना त्यांना तेव्हा डेमलो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आताच्या डोंबिवली स्थानकावर सुचली होती. कापरेकरांच्या कामावर एक आक्षेप नेहमी घेतला गेला: हे सारे दहाच्या पायावर लिहिण्याच्या आपल्या सवयीतून निघालेले चमत्कार आहेत, संख्येचे स्वतःचे गुणधर्म नव्हेत. त्यांच्या प्रसिद्ध ६१७४ या स्थिरांकाच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा खरा आहे. पण सगळे एक असलेल्या संख्यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. सहा एक ओळीने मांडले तर त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात आणि ११११११ म्हणजे १११ × १००१ होते. पाया दहाचा असो की दोनाचा, ही फोड तशीच राहते; दोनाच्या पायावर तिचा अर्थ ६३ = ७ × ९ एवढाच होतो. म्हणून एकांची संख्या संयुक्त असेल तर ती ओळही संयुक्तच. सदुसष्ट मात्र मूळ आहे. सदुसष्ट एकांचे सारखे गट पडत नाहीत, आणि हा सोपा मार्ग बंद होतो. बंद झाला म्हणजे संख्या मूळ ठरली असे मात्र नाही. अकराही मूळच आहे, पण दोनाच्या पायावरचे अकरा एक म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

कोणता घातांक मूळ संख्या देतो हे ओळखताना मोठमोठ्यांची गफलत झाली आहे. मारँ मेर्सेन या पॅरिसमधल्या धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी छापली: दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर २५७ पर्यंतच्या कोणकोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते, याची. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असे घातांक त्यात होते. २५७व्या घाताची संख्या ७८ अंकी आहे. तिची तपासणी त्या काळात कुणालाही शक्य नव्हती, आणि मेर्सेन यांनी ती केलीही नव्हती. यादीत पाच चुका निघाल्या. ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. ६७ आणि २५७ नाहक आले होते. तरी हे कुळ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि ते योग्यही आहे, कारण तपासण्याजोगे विधान करून त्यांनी पुढच्या तीनशे वर्षांना काम दिले. आपली संख्या म्हणजे या यादीतला ६७. सोयीसाठी तिला मेर्सेन-६७ म्हणू.

आता कळीचा प्रश्न. एकही अवयव हाती नसताना संख्या संयुक्त आहे असे म्हणायचे कशाच्या बळावर? उत्तर मराठी शाळेतल्या नवाच्या ताळ्यात दडलेले आहे. मोठा गुणाकार केला की दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत जायचे, त्या दोन अंकांचा गुणाकार करायचा आणि उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी तो जुळतो का पाहायचे. ताळा जुळला नाही तर गुणाकार चुकला हे शंभर टक्के निश्चित. कुठला हातचा राहिला, कुठल्या ओळीत घोटाळा झाला, हे ताळा सांगत नाही; पण म्हणून कुणी असे म्हणत नाही की चूक दाखवल्याशिवाय चूक झाल्याचे मी मानणार नाही. ल्युका यांची कसोटी या अर्थाने ताळाच आहे. संख्या मूळ असेल तर तिच्याबाबत एक विशिष्ट हिशेब शून्यावर आलाच पाहिजे, असे सिद्ध करायचे. मग तो हिशेब करायचा. तो शून्यावर आला नाही तर संख्या मूळ नाही. भाजक शोधण्याची या युक्तिवादात कुठे गरजच पडत नाही.

या कसोटीचा आज शिकवला जाणारा साचा अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी १९३०च्या दशकात नीटनेटका केला, आणि तो इतका साधा आहे की कागद-पेन्सिलीने करून पाहता येतो. चारापासून सुरुवात करायची. दर पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करून दोन वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. १२७ म्हणजे दोनाचा सातवा घात वजा एक; म्हणून पायऱ्या पाच. ४ पासून १४, मग १९४ची बाकी ६७, मग ४२, मग १११, आणि १११चा वर्ग वजा दोन म्हणजे १२३१९, जे १२७च्या नेमके ९७ पट आहे. बाकी शून्य, १२७ मूळ. २०४७ साठी पायऱ्या नऊ: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, २०४७ संयुक्त. या १७३६कडे कितीही निरखून पाहिले तरी त्यात २३ किंवा ८९चा मागमूस सापडत नाही. मेर्सेन-६७ साठी अशा पासष्ट पायऱ्या लागतात, प्रत्येक पायरीत एकवीस अंकी संख्येचा वर्ग. हाताने करायला दमछाक करणारे काम, पण काही दिवसांत संपणारे. याच ल्युका यांनी दोनाच्या १२७व्या घातातून एक वजा केलेली ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे १८७६ मध्ये दाखवले, आणि यंत्राच्या मदतीशिवाय सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा तिचा मान आजही अबाधित आहे. (हनोईच्या मनोऱ्याचे कोडे रचणारे ल्युका हेच. सदुसष्ट चकत्यांचा मनोरा हलवायला कमीत कमी जितक्या चाली लागतात, तो आकडा म्हणजे मेर्सेन-६७.)

यावर एक आक्षेप वजनदार आहे. माणूस हिशेबात चुकतो. पासष्ट पायऱ्यांत एक अंक जरी चुकला तरी शेवटची बाकी शून्याऐवजी दुसरे काहीतरी येईल आणि मूळ संख्या संयुक्त ठरेल. अवयव हाती असले की गुणाकार करून कुणीही खात्री करून घेऊ शकतो. नुसती बाकी सांगितली तर आख्खा हिशेब पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नाही. हे खरे आहे. पण त्यातून निष्पन्न काय होते, तर दोन पुराव्यांची पडताळणी करण्याचा खर्च वेगळा आहे, एवढेच. त्यांतल्या एकाचे सत्य उणे ठरत नाही. स्वतंत्र माणसांनी स्वतंत्रपणे तोच हिशेब केला आणि तीच बाकी आली, तर शंका उरत नाही. आजही प्रचंड मूळ संख्यांचे शोध वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रणालींनी पुन्हा तपासल्यावरच जाहीर होतात. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली दोनाच्या १३६२७९८४१व्या घाताची मेर्सेन संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे, आणि तिचे मूळपण अशाच फेरतपासणीनंतर मान्य झाले. मात्र ताळा कोणता लावतो याला महत्त्व आहे. फर्मा यांच्या नावाचा एक जुना ताळा आहे: संख्या मूळ असेल, तर दोनाला त्या संख्येपेक्षा एकने कमी इतक्या घाताला चढवून त्या संख्येने भागल्यास बाकी एक उरते. मेर्सेन-६७ हा ताळा बिनबोभाट पार करते. इतकेच नाही, मूळ घातांकाची प्रत्येक मेर्सेन संख्या तो पार करते, मग ती स्वतः मूळ असो वा नसो; २०४७ सुद्धा. म्हणजे या कुळासाठी तो ताळा कुचकामी आहे. ल्युका यांचे मोठेपण यात आहे की त्यांनी नेमक्या या कुळासाठी असा ताळा शोधला, जो दोन्ही बाजूंनी निर्णायक आहे.

मग १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी काय मिळवले? त्या वर्षीच्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी मोठ्या संख्यांच्या अवयवांवर निबंध सादर केला. एरिक टेम्पल बेल यांनी रंगवलेला प्रसंग प्रसिद्ध आहे: कोल एक अक्षर न बोलता फळ्याशी गेले, एका बाजूला दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला, उत्तरे जुळली, आणि टाळ्यांच्या गजरात ते जागेवर जाऊन बसले. तीन वर्षांचे रविवार या कामी लागले, असे कोल यांनी आपल्याला सांगितल्याचेही बेल लिहितात. बेल यांचे पुस्तक १९५१ सालचे, घटनेनंतर जवळपास अर्ध्या शतकाचे, आणि बेल गोष्ट खुलवून सांगणारे लेखक होते. म्हणून त्या मौनावर मी फारसा भार टाकणार नाही. अवयव मात्र वादातीत आहेत. नवाच्या ताळ्याने पाहा: पहिल्याच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १, दुसऱ्याची ६४, म्हणजे १, मेर्सेन-६७ची १०९, म्हणजे १. अर्थात ताळा जुळल्याने गुणाकार बरोबरच आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी पूर्ण गुणाकार करावा लागतो, आणि ते काम तासाभराचे आहे.

तासाभरात तपासता येणारी गोष्ट शोधायला तीन वर्षांचे रविवार का लागावेत, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. या संख्येचे वर्गमूळ सुमारे १२१५ कोटी; लहान अवयव त्याच्या आत कुठेतरी असणार. आंधळेपणाने भागत बसण्याची गरज नव्हती. मूळ घातांकाच्या मेर्सेन संख्येचा प्रत्येक मूळ भाजक घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीपेक्षा एकने मोठा असतो, हे पूर्वीपासून माहीत होते. २०४७चे २३ आणि ८९ हे २२च्या एका आणि चार पटींपेक्षा एकने मोठे आहेत. ६७ साठी हे पाऊल १३४चे. शिवाय आठाने भागल्यावर भाजकाची बाकी १ किंवा ७च असावी लागते, त्यामुळे उमेदवार निम्मे होतात. कोल यांचा लहान अवयव १३४च्या १४४५५८० पटीपेक्षा एकने मोठा आहे. या दोन्ही चाळण्या लावूनही त्याच्यापर्यंत पोहोचायला सव्वासात लाख उमेदवार ओलांडावे लागतात, आणि प्रत्येकासाठी एकवीस अंकी संख्येला भाग द्यायचा. कोल यांनी वर्गांच्या बाक्यांचा अभ्यास करून आणखी बारीक चाळण्या तयार केल्या म्हणून ते माणसाच्या आवाक्यात आले. इकडे ल्युका यांचा ताळा पासष्ट पायऱ्यांत संपतो. पासष्ट आणि सव्वासात लाख: मी ज्या अंतराविषयी बोलतो आहे ते हे.

इथे कुणी म्हणेल की हा तर नुसता आकाराचा प्रश्न झाला, संख्या मोठी म्हणून अवयव अवघड. तसे नाही, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ व तर्कशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांची संख्या. १८७४च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ८६१६४६०७९९ ही संख्या दिली आणि ती कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आली हे आपल्याखेरीज कुणाला कधी कळेल असे वाटत नाही, अशा आशयाचे लिहिले. गुणाकार सोपा आणि त्याची उलट वाट बिकट, ही जाण त्यात स्पष्ट आहे आणि त्या काळाच्या मानाने ती थक्क करणारी आहे. उदाहरण मात्र त्यांनी चुकीचे निवडले. अवयव आहेत ८९६८१ आणि ९६०७९, एकमेकांच्या जवळ. अशा वेळी फर्मा यांची सतराव्या शतकातली युक्ती लागू पडते: वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करून एकेका संख्येचा वर्ग घ्यायचा, त्यातून दिलेली संख्या वजा करायची, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का पाहायचे. ९२८२५ पासून निघाले की छप्पन्नाव्या प्रयत्नाला ९२८८० येते. त्याच्या वर्गातून जेव्हन्स यांची संख्या वजा केल्यास १०२३३६०१ उरतात, म्हणजे ३१९९चा वर्ग. बेरीज आणि वजाबाकी केली की अवयव समोर. एका दुपारचे काम. मेर्सेन-६७चा मोठा अवयव लहानाच्या जवळपास चार हजार पट आहे, तिथे ही युक्ती हात टेकते. म्हणजे अवघडपणा अंकांच्या लांबीइतकाच अवयवांच्या परस्परसंबंधातही असतो, आणि तो संबंध तर अवयव सापडेपर्यंत झाकलेला असतो.

दुसरा आक्षेप संगणकाचा. कोल यांची तीन वर्षे आज साध्या संगणकाला क्षणभराचे काम आहे. तेव्हा हे अंतर म्हणजे एका हळू चालणाऱ्या काळाची खूण, दुसरे काय? उत्तर असे की यंत्र आले तेव्हा ताळ्याचा वेगही वाढला, आणि अंतर होते तिथून पुढे सरकले, मिटले नाही. २०२०च्या फेब्रुवारीत २५० अंकी एका आव्हान-संख्येचे अवयव पाडले गेले. एकाच प्रोसेसर-गाभ्यावर चालवला असता तर तो हिशेब सुमारे २७०० वर्षे चालला असता. तितक्याच लांबीची संख्या मूळ आहे की नाही, हे घरचा संगणक पापणी लवायच्या आत सांगतो. तात्त्विक बाजूने तर हा फरक आपल्याच देशात ठसठशीत झाला. २००२च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले की कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे तिच्या अंकांच्या संख्येच्या एका ठरावीक घाताच्या मर्यादेत राहणाऱ्या पायऱ्यांत, कोणत्याही अटीशिवाय आणि नशिबावर न सोडता, ठरवता येते. त्यांची पद्धत संख्या संयुक्त ठरवते तेव्हाही सर्वसाधारणपणे अवयव हाती देत नाही. अवयव पाडण्यासाठी अशी मर्यादा पाळणारी पद्धत नेहमीच्या संगणकांकरिता आजतागायत कुणालाही सापडलेली नाही. गाऊस यांनी १८०१ मध्ये मूळ-संयुक्ताची पारख आणि अवयवांची फोड या दोन्ही गोष्टी एका दमात अंकगणिताच्या अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नांत गणल्या होत्या. दोनशे वर्षांनी त्यांतला एक सुटला आणि दुसरा राहिला.

या अंतराचा उपयोग काय, हे विचारणाऱ्याला उत्तर लांब शोधावे लागत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए पद्धत दोन्ही पायांवर उभी आहे. मोठ्या मूळ संख्या चटकन मिळाल्या पाहिजेत, आणि त्या ताळ्यांमुळे मिळतात. त्यांचा गुणाकार उघड केला तरी कुणाला तो फोडता येता कामा नये. आयकर विवरणपत्रावरची डिजिटल सही किंवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांचा भरवसा याच जातीच्या गणितावर आहे. सध्या सर्रास वापरात असलेली २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते. ती संयुक्त आहे हे साऱ्या जगाला माहीत असते, आणि तिचे अवयव फक्त मालकाच्या यंत्राला.

तिसरा आक्षेप माझ्या म्हणण्यावर सर्वांत खोल घाव घालतो, आणि त्याला अर्धे उत्तरच देता येते. हे अंतर खरेच संख्यांच्या स्वभावात आहे, याचा पुरावा कुठे आहे? कुठेही नाही. अवयव पाडण्याची जलद पद्धत असूच शकत नाही, असे कुणीही सिद्ध केलेले नाही. भाकिते सपशेल कोसळल्याचा इतिहास तर ताजा आहे: १९७७ मध्ये आरएसएच्या जनकांनी लोकांपुढे ठेवलेली १२९ अंकी संख्या फोडायला चारावर सोळा शून्ये इतकी वर्षे लागतील असा अंदाज छापला गेला होता, १९९४ मध्ये, सतरा वर्षांत, जगभरातल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या यंत्रांनी ती फोडली. त्याच वर्षी पीटर शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा आणि भरवशाचा क्वांटम संगणक बनला, तर अवयव पाडणे जलद होईल. तसे यंत्र अजून झालेले नाही, पण अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४च्या ऑगस्टमध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या पद्धती प्रमाणित केल्या, यावरून हा धोका किती गांभीर्याने घेतला जातो ते दिसते. म्हणून अंतर कायमचे आहे असा माझा दावा नाही. दावा इतकाच की ते आज आहे, आणि उद्या मिटले तरी ल्युका यांच्या १८७६च्या ज्ञानात त्याने तसूभरही फरक पडणार नाही. शोर यांच्या यंत्रावर अवयव मिळाले, तरी संख्या संयुक्त असल्याचे त्याआधीच कळलेले असेल, तेही वेगळ्या कारणाने.

मेर्सेन-६७ची जागा आज दुसऱ्या संख्यांनी घेतली आहे. दोनाच्या १०६१व्या घातातून एक वजा केल्यावर मिळणारी ३२० अंकी संख्या संयुक्त म्हणून माहीत होती, पण तिचा एकही अवयव ठाऊक नव्हता. २०१२ मध्ये ती फुटली, १४३ आणि १७७ अंकी दोन मूळ संख्यांत. आता या कुळात अशी सर्वांत लहान संख्या उरली आहे ती दोनाच्या १२७७व्या घातातून एक वजा केलेली, ३८५ अंकांची. तिचा ताळा कधीच लागला आहे आणि ती संयुक्त आहे यात शंका नाही. तिचा प्रत्येक मूळ भाजक २५५४च्या कोणत्या तरी पटीपेक्षा एकने मोठा आहे, आठाने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ येते, आणि लहान भाजकांचा शोध घेणाऱ्या यंत्रांच्या हाती वर्षानुवर्षांच्या प्रयत्नांनंतर अजून एकही लागलेला नाही.